हाकेच्या अंतरावरचा अग्निशामक

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेले होते. तिचं गाव लहान. एक मुख्य रस्ता, एक चर्च, एक शाळा, दोन बेकऱ्या. एका सकाळी स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळायला लागला, म्हणून गावातलाच प्लंबर आला. पस्तिशीचा असेल. जमिनीवर आडवा होऊन तो पाना फिरवत होता आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याला काडेपेटीएवढं एक काळं यंत्र अडकवलेलं होतं. ते अचानक कर्कश वाजलं. त्याने आधी पाण्याचा मुख्य कॉक बंद केला, पाना तिथेच ठेवला, "परत येतो" म्हणाला आणि निघाला. मी खिडकीशी जाईपर्यंत त्याची गाडी कोपऱ्यावर वळलेली होती. थोड्याच वेळात मुख्य रस्त्यावरून बंबाचा सायरन ऐकू आला.

अडीच तासांनी तो परतला. केसांना धुराचा वास येत होता. पुन्हा सिंकखाली शिरला, सांधा पक्का केला, पाणी सोडून पाहिलं आणि मगच चहाला बसला. गावाबाहेरच्या एका घराच्या धुराड्यात आग लागली होती, ती विझवून तो आला होता. बंबावर त्याच्यासोबत एक बेकरीवाला होता, शाळेतली एक मदतनीस होती आणि एक शेतकरी होता. गावाचं अग्निशमन दल म्हणजे हीच माणसं. केंद्रात एरवी कोणी बसलेलं नसतं. हाक आली की सगळे आपापल्या कामावरून धावतात.

ब्रिटनमध्ये या लोकांना ‘ऑन-कॉल फायरफायटर’ म्हणतात. जुना शब्द ‘रिटेन्ड’, आणि जुनी माणसं अजून तोच वापरतात. त्या सकाळनंतर मी या व्यवस्थेची माहिती गोळा करत गेले. शेजाऱ्याच्या मदतीला धावणं ही माणसाची जुनीच सवय आहे. त्या सवयीला शिस्त, साधनं आणि हक्क दिले की काय घडतं, ते इथे पाहायला मिळतं.

एका खुर्चीचं गणित

ब्रिटनमधले अग्निशमन जवान मुख्यतः दोन प्रकारचे. पहिले पूर्णवेळ. ते पाळीप्रमाणे केंद्रात हजर असतात आणि मोठ्या शहरांत बहुतेक हेच असतात. लंडनच्या अग्निशमन दलात तर ऑन-कॉल जवान नाहीतच. दुसरे हे हाकेवर येणारे. इंग्लंडमधल्या एकूण अग्निशमन जवानांपैकी साधारण एक तृतीयांश ऑन-कॉल आहेत. स्कॉटलंडमध्ये साडेतीनशेहून अधिक केंद्रं आहेत आणि त्यांतली तीन चतुर्थांशांहून जास्त अशाच माणसांच्या बळावर चालतात. डोंगराळ भाग, बेटं, खेडी, छोटी बाजारगावं यांचं रक्षण प्रामुख्याने त्यांच्याकडे आहे.

असं का, याचं उत्तर साध्या हिशेबात सापडतं. आठवड्याचे तास १६८. ब्रिटिश पूर्णवेळ जवानाचा कामाचा आठवडा ४२ तासांचा. म्हणजे बंबातली एक खुर्ची रात्रंदिवस भरलेली ठेवायची तर चार माणसं हवीत, आणि त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलेलंच नाही. बंब आगीच्या कामाला निघायला साधारणपणे किमान चार जण लागतात. चार खुर्च्यांना सोळा पगारी माणसं झाली. ज्या गावात आठवड्याला एखाद-दोन वेळाच हाक येते, तिथे हा खर्च कोणतीही पालिका पेलू शकत नाही.

मग गावात केंद्र ठेवूच नये, जवळच्या शहरातून बंब मागवावा, असं कोणी म्हणेल. इथे दुसरा हिशेब आड येतो, तो मिनिटांचा.

खोलीत आग लागली की गरम धूर आणि वायू छताखाली साठत जातात. त्या थराचं तापमान सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत चढलं की खालच्या वस्तू ज्वाळेचा स्पर्श न होताही पेट घेतात आणि काही सेकंदांत अख्खी खोली भडकते. याला ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहत नाही. अमेरिकेतल्या ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ या संस्थेने दोन दिवाणखाने सजवून मुद्दाम पेटवून पाहिले. एकात जुन्या पद्धतीचं लाकडी आणि सुती सामान होतं, दुसऱ्यात आजचे फोमचे सोफे आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे. जुन्या खोलीला भडकायला जवळजवळ अर्धा तास लागला. नवी खोली चार मिनिटांच्या आत भडकली.

इंग्लंडमध्ये घराला किंवा इमारतीला आग लागल्यावर बंब पोहोचायला सरासरी नऊ मिनिटांच्या आसपास लागतात, खेड्यापाड्यांत त्याहून जास्त. वीस-पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्या बंबाला ही शर्यत जिंकता येणं अवघड. पण गावातलाच प्लंबर पाच मिनिटांत केंद्रावर पोहोचत असेल, तर शेजारची खोली, शेजारचं घर आणि धुरात अडकलेला माणूस यांना वाचण्याची संधी उरते. म्हणून ऑन-कॉल भरतीतली पहिली अट शिक्षणाची किंवा अनुभवाची नसून अंतराची असते. बहुतेक ठिकाणी घर किंवा कामाची जागा केंद्रापासून साधारण पाच मिनिटांवर असावी लागते. काही भागांत यात थोडी सवलत मिळते.

गवंडी, सुतार आणि ब्रेडवुड

आपलं रोजचं काम सांभाळून आग विझवणारा कारागीर ही कल्पना दोनशे वर्षं जुनी आहे. १६६६ साली लंडन जळाल्यावर विमा कंपन्यांनी आपापली पथकं उभी केली होती, पण त्यांचं लक्ष विमा उतरवलेल्या घरांवर. अख्ख्या शहराची जबाबदारी घेणारं पालिकेचं दल स्कॉटलंडच्या एडिंबरा शहराने १८२४ मध्ये उभारलं. त्याचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड अवघ्या चोविशीतला होता. दल उभं राहून काही आठवडे होतात न होतात, तोच नोव्हेंबरमध्ये शहराच्या जुन्या भागाला भीषण आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या आगीने ब्रेडवुडला बरंच शिकवलं.

माणसं निवडण्याची त्याची रीत आजही विचार करायला लावते. त्याने गवंडी, सुतार, छतावर पाटीचे दगड बसवणारे कारागीर, नळकाम करणारे आणि लोहार घेतले. छतकाऱ्याला उतरत्या छपरावर चालायची सवय असते. कोणती तुळई भार सोसेल ते सुताराला कळतं, आणि कोणती भिंत कोसळेल ते गवंड्याला. लोहार आणि नळकाम करणारा पंप आणि नळ्या दुरुस्त ठेवतो. ही माणसं दिवसभर आपापला धंदा करत आणि हाक आली की धावत. दर आठवड्याला पहाटे चार वाजता तो त्यांची कवायत घेई. अंधारात, रस्ते मोकळे असताना शिडी लावण्याचा आणि पंप चालवण्याचा सराव व्हावा, हा हेतू. आग बाहेरून पाण्याने झोडपत राहण्यापेक्षा आत शिरून तिच्या मुळाशी जावं, हा त्याचा आग्रह होता आणि तो पुढे साऱ्या जगाने स्वीकारला. पुढे तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटच्या गोदामांना लागलेल्या आगीत आपल्या माणसांची विचारपूस करत फिरताना अंगावर भिंत कोसळून त्याचा मृत्यू झाला.

माणसांना बोलावण्याची पद्धत मात्र बदलत गेली. आधी घंटा आणि धावता निरोप्या, मग जवानांच्या घरात बसवलेली विजेची घंटा. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांची सूचना देणारे भोंगे युद्ध संपल्यावर कित्येक गावांत आगीसाठी वापरात राहिले. भोंगा वाजला की गावाला कळे, आणि सायकलवरून धावणाऱ्या माणसाला लोक वाट करून देत. नंतर पट्ट्याला लावायचं छोटं यंत्र आलं. त्याला ‘अलर्टर’ म्हणतात. आता कोण किती तास उपलब्ध आहे याची नोंद मोबाइलमधल्या ॲपवर होते. चौघांच्या खाली संख्या आली की तो बंब ‘ऑफ द रन’, म्हणजे तेवढ्या वेळापुरता बाद.

भरती कशी होते

वयाची अट १८ पूर्ण. वरच्या वयाची ठरावीक मर्यादा बहुधा नसते, अंगात ताकद आणि दम हवा. ब्रिटनमध्ये काम करण्याचा कायदेशीर हक्क हवा. तिथला नागरिकच असला पाहिजे, असं नाही. अर्जदाराने आठवड्यात किती तास हाकेवर राहणार ते सांगायचं असतं. पूर्ण उपलब्धता म्हणजे आठवड्याला १२० तास किंवा जास्त, पण त्याहून कमी तास देणारेही घेतले जातात. कामाच्या वेळेत जाणार असाल तर मालकाची संमती लागते, आणि दलाचे अधिकारी स्वतः मालकाशी बोलतात.

मग शरीराची परीक्षा. ५५ किलो वजनाचा माणसाच्या आकाराचा पुतळा उलटं चालत सुमारे ३० मीटर ओढत न्यायचा असतो. शिडीवर चढून ठरावीक उंचीवर पाय अडकवून दोन्ही हात मोकळे सोडायचे. जड नळ्या आणि अवजारं वाहून न्यायची. डोळ्यांपुढचा मुखवटा झाकून अरुंद बोगद्यातून रांगत जायचं आणि परत यायचं. उंचीची भीती किंवा कोंडलेपणाची घुसमट कुणाला आहे, ते इथेच कळतं. दाढी ठेवता येत नाही, कारण केसांमुळे श्वसनयंत्राचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि फटीतून विषारी वायू आत येतो.

निवड झाली की सुरुवातीचं निवासी किंवा शनिवार-रविवारचं प्रशिक्षण होतं. नळ्या, शिड्या, पंप, प्रथमोपचार हे आधी शिकवतात. धुरात शिरण्याचं श्वसनयंत्राचं प्रशिक्षण वेगळं, आणि ते झाल्याशिवाय कोणालाही जळत्या घरात पाठवत नाहीत. अपघातग्रस्त गाडी कापून माणूस बाहेर काढणं हाही स्वतंत्र विषय. पूर्ण तयारीचा जवान म्हणून शिक्कामोर्तब व्हायला दोन-तीन वर्षं सहज लागतात.

रोजच्या जगण्यालाही नियम येतात. हाकेवर असताना दारू वर्ज्य. गाव सोडून जायचं नाही. पोराला शाळेत सोडताना, दुकानात रांगेत उभं असताना, मध्यरात्री झोपेत, केव्हाही यंत्र वाजू शकतं. आणि एक नियम मला विशेष वाटला. आपल्या गाडीने केंद्राकडे धावताना जवानाला वाहतुकीचा कोणताही नियम मोडता येत नाही. त्याच्या खासगी गाडीला निळा दिवा नसतो. लाल सिग्नलला तो थांबतो. सवलत सुरू होते ती बंबात बसल्यावर, आणि तो बंब चालवण्यासाठीही वेगळा परवाना आणि वेगळं प्रशिक्षण लागतं.

मंगळवारची संध्याकाळ

दर आठवड्याला एक संध्याकाळ सरावाची. त्याला ‘ड्रिल नाइट’ म्हणतात. त्या प्लंबरने आपल्या अधिकाऱ्याची परवानगी काढून मला आणि मुलीला बघायला बोलावलं. दोन मोठ्या दारांची साधी इमारत, आत एक बंब, भिंतीवर ओळीने टांगलेले अंगरखे. प्रत्येकाची विजार बुटांवर गुंडाळून ठेवलेली, म्हणजे पाय घातले आणि वर ओढलं की झालं. बंबात सुमारे १,८०० लिटर पाणी असतं. जोराने सोडलं तर ते काही मिनिटांत संपतं, म्हणून पोहोचताच जवळचा हायड्रंट शोधणं हे एकाचं ठरलेलं काम.

त्या दिवशी धुरात माणूस शोधण्याचा सराव होता. शेजारच्या खोलीत खोटा धूर भरला होता. दोघांनी पाठीवर हवेची टाकी चढवली. बेकरीवाला आणि शाळेतली मदतनीस. आत जाण्याआधी प्रत्येकाने आपल्या संचावरची पिवळी पट्टी काढून दारातल्या अधिकाऱ्याकडे दिली. पट्टीवर नाव, टाकीतल्या हवेचा दाब आणि आत जाण्याची वेळ लिहिलेली. त्याने ती फळ्यावर खोचली आणि कोष्टक पाहून यांची हवा कधी संपत येईल ती वेळ पुढे लिहिली. मेहनत करताना माणूस भराभर हवा ओढतो, त्यामुळे एक टाकी अर्ध्या-पाऊण तासापलीकडे पुरत नाही. दाब एका पातळीखाली उतरला की संचावरची शिटी वाजू लागते. ती वाजण्याआधीच बाहेर यायचं, हा दंडक.

दोघं रांगत आत शिरली. उजव्या हाताची पालथी बाजू भिंतीला टेकवत, पायाने पुढची जमीन चाचपत. तळवा पुढे करत नाहीत, कारण विजेची उघडी तार हाताला लागली तर तळव्याची मूठ तिच्यावर आवळली जाते. पालथा हात झटक्याने मागे येतो. सात-आठ मिनिटांनी ती पुतळा ओढत बाहेर आली. मदतनिसाचा चेहरा घामाने चिंब झाला होता. तिने फळ्यावरून आपली पट्टी उचलून संचाला लावली, तेव्हा अधिकारी मला म्हणाला, "ही पट्टी फळ्यावर आहे तोवर तो माणूस आत आहे, एवढंच मी मानतो. दुसरं कोणी काही सांगितलं तरी."

शिस्तीची ही जागा मला फार मोलाची वाटली. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, चेष्टामस्करी करतात, तरी पट्टीच्या बाबतीत ओळख चालत नाही.

आगीपलीकडचं काम

इंग्लंडची अग्निशमन दलं वर्षाकाठी सहा लाखांच्या आसपास घटनांना धावतात. त्यांत प्रत्यक्ष आगी एक तृतीयांशाहून कमी. चाळीस टक्क्यांच्या आसपास खोटे इशारे असतात, बहुतेक आपोआप वाजलेल्या यंत्रांचे. उरलेल्यांत रस्ते अपघात, पूर, उंचावर अडकलेली माणसं, चिखलात रुतलेली जनावरं, बंद दाराआड पडलेले म्हातारे. काही ठिकाणी हृदयविकाराच्या झटक्याच्या वेळी रुग्णवाहिकेआधी हेच जवान पोहोचतात.

यात एक गोष्ट शहरी जवानाच्या वाट्याला क्वचितच येते. गाव छोटं, त्यामुळे अपघातातली गाडी ओळखीची असू शकते आणि आतला माणूसही. चहा पिताना प्लंबर एवढंच बोलला की एका अपघातात गाडीच्या दाराचा पत्रा कापताना आतल्या मुलाला तो नावाने हाक मारत होता, कारण त्याच्या घरचा बॉयलर त्यानेच बसवला होता. मुलगा वाचला. पण सगळे वाचत नाहीत. म्हणून घटनेनंतर केंद्रात एकत्र बसून बोलणं हाही आता कामाचाच भाग मानला जातो. गरज पडली तर समुपदेशकाची सोय असते.

भल्या मनाला हक्काची जोड

या कामाचे पैसे मिळतात. हाकेवर राहण्याचं वार्षिक मानधन, प्रत्येक हाकेला धावल्याची रक्कम आणि प्रत्यक्ष कामाचे व सरावाचे तासाप्रमाणे पैसे. त्यावर घर चालत नाही, पण समाज या वेळेला किंमत देतो, हे त्यातून ठरतं.

ही किंमत आपोआप मिळालेली नाही. रिटेन्ड जवानांना अनेक वर्षं पूर्णवेळ जवानांसारखं निवृत्तिवेतन नव्हतं. आग तीच, धूर तोच, मग हक्क वेगळे का, असा प्रश्न घेऊन ते न्यायालयात गेले. मॅथ्यूज खटला म्हणून तो ओळखला जातो. खालच्या न्यायालयांत हार झाली, पण १ मार्च २००६ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या बाजूने कौल दिला. पूर्णवेळ जवानांकडे काही जादा कामं असली, तरी दोघांच्या कामाचा गाभा सारखा आहे का, याला वजन दिलं पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता.

पुढच्याच वर्षी एका दुर्घटनेने दुसरी बाजू दाखवली. २ नोव्हेंबर २००७ रोजी वॉरिकशायरमधल्या ॲथरस्टोन-ऑन-स्टोअर इथे भाजीपाल्याच्या मोठ्या गोदामाला आग लागली. त्यात चार जवानांचा जीव गेला. ते ऑन-कॉल सेवेतले होते. जवानांच्या सुरक्षेच्या जबाबदारीत आपण कमी पडलो, हे तिथल्या कौन्सिलने पुढे न्यायालयात मान्य केलं. हाकेवर येणाऱ्याला प्रशिक्षणाचे तास थोडे मिळतात, म्हणून ते तास अधिक काटेकोर असायला हवेत. धाडस गावाने द्यावं आणि तयारी सरकारने करून घ्यावी, अशी ही वाटणी आहे. दुसरा भागीदार चुकला तर पहिल्याचा जीव जातो.

याच सेवेने एक दार उघडल्याचंही नोंदवायला हवं. १९७६ चा उन्हाळा ब्रिटनमध्ये भयंकर कोरडा होता आणि माळरानं पेटत होती. त्या वर्षी ईस्ट ससेक्समधल्या बॅटल या गावात मेरी जॉय लँगडन रिटेन्ड जवान म्हणून रुजू झाली. प्रत्यक्ष आगीवर जाणारी ती ब्रिटनमधली पहिली महिला अग्निशामक मानली जाते. छोट्या गावाच्या हाकेवरच्या बंबाने तिला आधी जागा दिली. आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेली पहिली मुलगी हर्षिनी कान्हेकर. ती तिथे २००२ मध्ये दाखल झाली, म्हणजे लँगडननंतर सव्वीस वर्षांनी.

दिवसाची टंचाई

आज या व्यवस्थेपुढची मोठी अडचण म्हणजे दिवसाची वेळ. पूर्वी गावातला माणूस गावातच काम करी. गिरणी, शेत, दुकान, कारखाना सगळं केंद्राच्या जवळ. आता तरुण सकाळी गाडीत बसून शहरात जातात आणि संध्याकाळी परततात. रात्री बंब भरतो, दुपारी बारा वाजता चौथा माणूस मिळत नाही. गावातली घरंही महागल्याने तरुण बाहेर पडतात.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमच्यातले कित्येक जण आता घरून काम करतात, आणि मोठ्या शहरांबाहेरच्या छोट्या गावांत घरं घेऊ लागले आहेत. दिवसा घरी असणारा, धडधाकट, पाच मिनिटांवर राहणारा माणूस नेमका या दलांना हवा आहे. बहुतेक केंद्रांबाहेर भरतीचा फलक असतो आणि सरावाच्या संध्याकाळी चौकशीला आलेल्या माणसाचं स्वागत होतं. गणपती आणि दिवाळीपलीकडे गावाशी नातं जोडायचा याहून सरळ मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

ही पद्धत ब्रिटनपुरती नाही. जर्मनीत स्वयंसेवी अग्निशमन दलांत दहा लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि छोट्या गावांचा सारा भार त्यांच्यावर आहे. चिलीमध्ये तर राजधानीपासून खेड्यापर्यंत आग विझवणारे सगळेच विनामोबदला काम करतात. १८५१ मध्ये वालपराइसो बंदरात सुरू झालेली ती परंपरा अजून टिकून आहे.

आपल्या वाडीवस्तीचं काय

महाराष्ट्रात आग विझवण्याची यंत्रणा मुख्यतः महापालिका, नगरपालिका आणि औद्योगिक वसाहतींकडे आहे. आडगावात गोठा, उसाचा फड किंवा घर पेटलं की बंब तालुक्याहून किंवा त्याहून दुरून निघतो. तोवर शेजारी बादल्या, कळश्या, शेतातल्या मोटारीचा पाइप घेऊन धावतात. त्यांच्या धैर्यात काही कमी नसतं. कमी असते ती शिकवण. पेटत्या तेलावर पाणी ओतू नये, गॅस कोंडलेल्या घरात दिव्याचं बटण दाबू नये, धुरात उभं न राहता जमिनीलगत सरपटत बाहेर यावं, आत कोण आहे ते बाहेर एकाने मोजत उभं राहावं, या गोष्टी आधी शिकाव्या लागतात. आग लागल्यावर त्या कोणी शिकवत नाही.

शिकलेला शेजारी काय करू शकतो, हे आपल्याकडेही दिसलेलं आहे. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था घ्या. दरीत कोसळलेल्या, धबधब्यात अडकलेल्या, वाट चुकलेल्या माणसांना काढायला तिची पोरं नोकरीधंदा सोडून धावतात. घाट त्यांच्या पायाखालचा आणि दोराचं तंत्र शिकलेलं, म्हणून ती उपयोगी पडतात. होमगार्डची सुरुवातही मुंबईतलीच, ६ डिसेंबर १९४६ ची, आणि तिच्या मुळाशीही हाच विचार होता की प्रशिक्षित नागरिकाने गरजेच्या वेळी यंत्रणेला हात द्यावा. मोठ्या गावांत पगारी दल आणि छोट्या गावांत त्याच दलाने शिकवलेली, विमा उतरवलेली, मानधन मिळणारी दहा-बारा माणसं, एवढी व्यवस्था उभारणं आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. फक्त ती माणसांच्या भलेपणावर सोडून देता येणार नाही. संरक्षक कपडे, सरावाचे तास आणि जखमी झाल्यास भरपाई यांची जबाबदारी शासनाने घ्यायला हवी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्याची आग विझवताना ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या आठवड्यात ठिकठिकाणी अग्निशमन केंद्रांतर्फे प्रात्यक्षिकं होतात. येत्या एप्रिलमध्ये जवळच्या केंद्रात जा. घरातल्या मुलांना, सोसायटीच्या वॉचमनला, गावच्या तरुण मंडळाला सोबत न्या. अग्निशामक नळकांडं प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने चालवून पाहा. १०१ आणि ११२ हे क्रमांक दाराजवळ लिहून ठेवा. बंब निघाला तरी तो येईपर्यंतची मिनिटं तुमच्या आणि तुमच्या शेजाऱ्याच्या हातात असतात.